पक्षी दिसला नाही, हीसुद्धा नोंद आहे. पण ती घेतली कधी?

रिसर्चची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की डेटा म्हणजे जे दिसलं ते. आज आपण जे दिसलं नाही त्याबद्दल बोलू. उदाहरण ठाणे खाडीतल्या पक्ष्यांचं घेऊ. आम्हा चामटोली-बदलापूरकडच्या लोकांना किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर ती जागा सोयीची पडते. लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोली.

या खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये ती रामसर यादीत आली. हिवाळ्यापासून साधारण मेपर्यंत इथे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, मोठ्या संख्येने असतात. धाकटा आणि मोठा, दोन्ही जातींचे. सोबत शेकाटे, पाणटिवळे, तुतवार, कुरव, सुरय असतातच.

आता समजा, तुम्ही एक साधा अभ्यास आखला. दर रविवारी सकाळी 8 वाजता, एकाच जागी उभं राहून, अर्धा तास फ्लेमिंगो मोजायचे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, माणूस तोच. पद्धत चोख वाटते ना? आणि समजा चार रविवारचे आकडे आले 40, 900, 60 आणि 1,100. (हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त मुद्दा समजण्यासाठी.) तुम्ही कारणं शोधायला लागाल. बोटींचा त्रास? पाण्याचं प्रदूषण? हवामान? खरं तर खाडीतल्या पक्ष्यांची संख्या महिनाभर जशीच्या तशी असूनही हे आकडे येऊ शकतात.

कारण भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत झाली 350 मिनिटं, म्हणजे जवळपास सहा तास. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत जायलाही सहा तासांच्या आसपासच लागतात. म्हणजे या रविवारी 8 वाजता भरती असेल, तर पुढच्या रविवारी 8 वाजता ओहोटी, त्याच्या पुढच्या रविवारी परत भरती.

कोकणात यासाठी जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. एकादशी असेल तर 11 ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. बरोबर एका आठवड्याने तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी आठच्या आसपास ओहोटी. खाडीत आत जावं तशी वेळ थोडी पुढे जाते, त्यामुळे कामासाठी भरतीचं छापील वेळापत्रकच वापरा. पण अंदाज बांधायला हा हिशोब पुरतो.

पक्ष्यांना याने काय फरक पडतो? ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथे पक्षी खायला पसरतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, मग ते दुसरीकडे जाऊन विसावतात. नेरूळचा डीपीएस तलाव, भांडुप पंपिंग स्टेशनच्या आसपासची पाणथळ, उरणकडचं पाणजे या अशाच भरतीच्या वेळच्या जागा. खाडी आणि या पाणथळी मिळून पक्ष्यांचं एकच घर आहे, खोल्या वेगवेगळ्या.

आता खरा धोका बघा. कोणीतरी ओहोटीच्या वेळी अशा एखाद्या तलावावर गेलं आणि वहीत लिहिलं, 'फ्लेमिंगो 0'. नोंद खोटी नाही. तिथे तेव्हा खरंच एकही पक्षी नव्हता. पण भरतीची वेळ न लिहिल्यामुळे त्या शून्याचा अर्थ 'पक्षी आत्ता खाडीत चरताहेत' असाही होतो आणि 'ही जागा पक्षी वापरतच नाहीत' असाही. नवी मुंबई आणि उरणच्या पाणथळींवर बांधकाम व्हावं की नाही, यावर गेली कित्येक वर्षं वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. अशा वेळी दुसरा अर्थ कोणाच्या सोयीचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रत्येक नोंदीसोबत किमान चार गोष्टी लिहा.

पहिली, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं पाहिलं आणि चालत असाल तर किती अंतर. दोन तासांत दिसलेले 50 आणि दहा मिनिटांत दिसलेले 50 सारखे नाहीत.

दुसरी, जवळची भरती किंवा ओहोटी किती वाजता होती.

तिसरी, यादी पूर्ण आहे का. 2002 मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डवर यादी भरताना हा प्रश्न विचारतात. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत, की फक्त खास वाटलेले? कावळे-कबुतरांसकट सगळे लिहिले असतील, तरच यादीत नसलेला पक्षी 'आढळला नाही' असं धरता येतं. नाहीतर तो नव्हता, की तुम्ही लिहिला नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

चौथी, आकडा कसा काढला. एकेक मोजून, की आधी शंभराचा एक गट मोजून तेवढे किती गट बसतात ते पाहून? दोन्ही चालतं, पण सांगायला हवं.

'एवढं कोण वाचणार?' असं वाटत असेल तर खाडी सोडून जरा सातपुड्याकडे बघा. रानपिंगळ्याची 1884 नंतरची पक्की नोंद नव्हती. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्टझहेगन यांच्या संग्रहातला 1914 चा गुजरातमधला नमुना. पुढे पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो नमुना चोरीचा होता आणि त्यावरचं लेबल बनावट. ती नोंद बाजूला ठेवून, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी जागा आणि तारीख नीट लिहून ठेवली होती, म्हणून.

तुमचा विषय पक्षी नसेलही. पण आपोआप बदलणारं आणि वहीत न लिहिलेलं असं काहीतरी प्रत्येक विषयात असतं. प्रयोगशाळेतलं तापमान असेल, सर्व्हेला लोक घरी असण्याची वेळ असेल. यालाच कन्फाउंडर म्हणतात. सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा, माझ्या अभ्यासात भरती-ओहोटीच्या जागी काय आहे?

सवय लावायला खाडीवरच जायला हवं असं नाही. बदलापूरजवळ उल्हास नदीवर भरतीची भानगड नाही, त्यामुळे सुरुवात सोपी. काठावर एक जागा ठरवा, पंधरा मिनिटं थांबा आणि पूर्ण यादी करा. एकही नवीन पक्षी दिसला नाही तरी ती यादी ठेवा. ती फेकण्यासारखी गोष्ट नाही.