खिरापत ओळखा!

वृद्धाश्रमात जाऊन कार्यक्रम करणे यासारखी सोपी गोष्ट जगात नाही, अशी पाच-सहा वर्षांपूर्वी माझी ठाम समजूत होती. एक पेटी, एक तबलजी, बऱ्या गळ्याच्या चार मैत्रिणी आणि शेवटी वाटायला केळी, एवढी सामग्री जमली की म्हाताऱ्या माणसांचे दोन तास मजेत जाणारच! आमच्या मंडळाने दिवाळीच्या आधीच्या रविवारी गावाबाहेरच्या एका आश्रमात नाट्यपदांचा कार्यक्रम ठेवला. आम्ही गायलो, आमचे फोटो निघाले, केळी वाटून झाली. निघताना दारापाशी बसलेल्या चिपळूणच्या एका बाईंचा हात मी हातात घेतला आणि जरा वरच्या पट्टीत विचारले, "काय आजी, आवडलं ना?"

"मी बहिरी नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुझी आजीही नाही. तूसुद्धा साठीच्या आसपासची दिसतेस. गाणं बरं झालं हो. पण या आठवड्यातलं हे तिसरं. दिवाळी आली की तुम्हां लोकांना आमची आठवण होते, आणि तुमच्याकडे बघत बसायचं काम आमच्या गळ्यात पडतं."

मला राग आला, हे कबूल करते. घरी पोचेपर्यंत तो वाढतच गेला आणि रात्री झोप येईना तेव्हा ओसरला. पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले, पेटीवाचून. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. या काळात जे शिकले ते बहुतेक चुका करूनच शिकले. त्यातल्या काही येथे सांगते, म्हणजे निदान त्याच चुका तुम्ही तरी करणार नाही. नवीन करालच, त्याला इलाज नाही.

पहिली चूक हिशेबाची. 'म्हातारी माणसे म्हणजे बालगंधर्व' हे समीकरण आमच्या डोक्यात कोठून बसले कोण जाणे. आज पंच्याऐंशी वर्षांची असलेली बाई १९४० च्या सुमारास जन्मली. बालगंधर्वांचा ऐन बहर तिच्या वडिलांनी पाहिला. ती स्वतः पंधरा वर्षांची होती तेव्हा, १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण चालले होते, छप्पन्न गीते. बिनाका गीतमाला १९५२ ची. 'जंगली' आला १९६१ साली, म्हणजे ही एकवीस वर्षांची, बहुधा नुकती लग्न झालेली. माणसाच्या आठवणींत दहाव्यापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी सर्वांत पक्क्या असतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. मी आपली गीतरामायण लावून खुशीत होते. तिसऱ्या गुरुवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी हळूच मला जवळ बोलावून विचारले, "शम्मी कपूर मिळेल का गं?" मिळाला. त्या दिवशी ज्या डोलल्या त्यांत नेहमी माळ घेऊन बसणाऱ्या दोघी होत्या.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

संक्रांत आली. मी मोठ्या हौसेने हळदीकुंकवाचा घाट घातला. गजरे आणले, तिळगूळ केला, वाणाला लुटायला छोटे पंचे घेतले. आश्रमात बायका बावीस. दुपारी चार वाजता दिवाणखान्यात आल्या पाच. बाकीच्या खोल्यांची दारे लोटलेली. मग माझ्या ध्यानात आले, आणि ध्यानात आल्यावर जे करायचे तेच नेमके मी केले नाही. मला वाटले, आपण सुधारलेल्या. हा भेद आपण मानत नाही. सगळ्यांनाच कुंकू लावू या! तबक घेऊन मी खोल्याखोल्यांतून निघाले. काहींनी लावून घेतले. एकीच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते आनंदाचेच होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या साताऱ्याकडच्या बाईंनी मान मागे घेतली.

"सत्तेचाळीस वर्षांत कुणी लावलं नाही," त्या म्हणाल्या. "तू लावशील आणि पाचच्या बसनं घरी जाशील. मला रात्री इथंच जेवायला बसायचंय."

त्यांचे खरे ठरले. कुणी लावून घेतले, कुणी नाही, यावरून जेवणघरात आठवडाभर दोन तट पडले होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मागोमाग राज्य सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण तेथे गावाने बसून ठरवले. येथे मी एकटीने, बावीस जणींच्या वतीने, तबक हातात घेऊन ठरवले होते. मी तबक खाली ठेवले. निघताना साताऱ्याच्या बाई मागून म्हणाल्या, "तिळगूळ मात्र दे." तो मी दिला आणि जिना उतरून आले.

म्हणून आता काही ठरवण्याआधी मी विचारते. विचारते म्हणजे 'तुम्हांला काय आवडेल?' असे नव्हे. या प्रश्नाला आश्रमात ठरलेले उत्तर मिळते: "काहीही चालेल." आयुष्यभर इतरांचे पाहिलेल्या बायकांना, आणि आता वेळेवर मिळेल ते जेवणाऱ्या पुरुषांना, एकदम इच्छा विचारली की ती सापडत नाही. दोन गोष्टी पुढे ठेवाव्यात: झब्बू की मेंढीकोट? सिनेमा गुरुवारी की शनिवारी? मग मात्र वाद होतात, आणि ज्या गोष्टीवर वाद झाला तिला माणसे हमखास येतात.

या गोष्टीचा अमेरिकेत अभ्यास झाला आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो १९७६ साली प्रसिद्ध केला. एका शुश्रूषागृहातल्या एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगण्यात आले, की खोलीतले सामान कसे लावायचे, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. आणि हे रोपटे घ्या, त्याची निगा तुम्हीच करायची. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हुशार आणि आनंदी दिसू लागली. त्याच्याही पुढची गंमत डॉ. अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात आहे. हे डॉक्टर अमेरिकेचे असले तरी वडील आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावी, १९९१ च्या सुमारास, बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टराने शुश्रूषागृहात दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर छोटे पोपट आणवले. पक्षी आले, पिंजरे आलेच नव्हते! आणणाऱ्याने पक्षी केशभूषेच्या खोलीत सोडले, दार लावून घेतले आणि तो निघून गेला. पुढे काय झाले असेल याची कल्पना ज्याने घरात एक चिमणी शिरलेली पाहिली आहे त्याने करावी.

आपल्याकडे देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि आमच्या व्यवस्थापकांना मांजराचे नाव काढलेले खपत नाही. मी मेथी नेली. पसरट ट्रेमध्ये माती, वर मेथ्या. चार-पाच दिवसांत उगवते, पंधरवड्याच्या आत कोवळी खुडता येते. पंच्याऐंशीव्या वर्षी आंब्याची कोय लावायला सांगणे ही थट्टा आहे. मेथी आपल्या हातची आपल्या ताटात येते. पाणी कोणी घालायचे यावर पाळ्या लागल्या आणि पाळीवरून भांडणेही.

बारीकसारीक पुष्कळ आहे, ते भराभर सांगते. वेळ सकाळी साडेदहाची धरावी. आंघोळी, औषधे आटोपलेली असतात आणि जेवणाची सुस्ती आलेली नसते. दिवेलागणीला विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसे अस्वस्थ होतात. तेव्हा काही ठेवू नये. सकाळच्या गोळीने वरचेवर उठावे लागते, म्हणून मोरीची वाट मोकळी हवी आणि उठून जाणाऱ्याकडे कोणी पाहू नये. खिडकीकडे पाठ करून बोलू नका. तुमचा चेहरा काळा दिसतो, आणि कमी ऐकू येणारी निम्मी माणसे तुमच्या ओठांवरून ऐकत असतात. ध्वनिक्षेपक तर आणूच नका. कानातले यंत्र गलकाही मोठा करते. मोठ्या आकड्यांचे पत्ते बाजारात मिळतात. सात-आठ जण पुरे. आणि "ओळखलंत का मला?" हा प्रश्न कुणालाही, कधीही विचारू नये. जिला ओळखता येत नाही तिची ती चारचौघांत परीक्षाच होते. आपणच आपले नाव सांगून बसावे.

पुरुष हे एक निराळेच प्रकरण. ते येतच नसत. वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात बसत. पहिले वाचन निधनवार्तांचे, मग हवामान. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर त्यांत होते. सिनेमाला लोक वाटेल तेव्हा येतात आणि वाटेल तेथे बसतात म्हणून मी एकदा त्यांच्यापाशी कुरकुर केली. "तिकीट लावा," ते म्हणाले. मी हसले, ते हसले नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांनी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची आकडे घातलेली तिकिटे केली, कचेरीतला पंच मागून घेतला आणि दाराशी उभे राहिले. दर दोन रुपये. कमी ऐकू येणाऱ्यांना पुढची रांग राखीव. फुकटच्या कार्यक्रमाला जे कधी फिरकले नव्हते ते तिकीट काढून आले! जमलेल्या पैशांचे काय करायचे यासाठी समिती झाली, समितीला चिटणीस आला, इतिवृत्त आले. आता पुरुष समितीच्या बैठकीला जातात. तो करमणुकीचा कार्यक्रम आहे असे त्यांना कोणी सांगू नये.

बायकांसाठी मी नवरात्रात भोंडला सुचवला. सुचवला; ठरवला त्यांनी. भोंडला मुलींचा खेळ, तेथे कुंकवाची अडचण नाही. पाटावर हत्ती मुख्याध्यापिकाबाईंनी काढला. फेर धरणे गुडघ्यांना झेपणारे नव्हते, तेव्हा खुर्च्यांचे रिंगण केले आणि पाट मधल्या स्टुलावर ठेवला; हातांनी आणि पायांच्या चवड्यांनी ताल. गाणी मला शिकवावी लागली नाहीत. उलट माझी चार कडवी चुकीची निघाली.

प्रश्न होता खिरापतीचा. ती झाकून आणायची आणि सगळ्यांनी ओळखायची. अर्धी गंमत त्यातच. खिरापत गुप्त राखणार कोण? मी साताऱ्याच्या बाईंच्या दारात गेले. त्या खाली कधी येत नसत. म्हटले, "तुमच्यापाशी गोष्ट राहते असं मला वाटतं." त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग पहिला प्रश्न विचारला तो असा: "दात किती जणींना आहेत?"

त्यावरूनच यादी ठरली. चकली बाद, चिक्की बाद, मधुमेहवाल्यांसाठी गोड वेगळे. तीन दिवसांच्या तीन खिरापती: उपमा, शिरा, दुधीचे थालीपीठ. स्वयंपाकीणबाईंना दम भरला.

रिंगणात एक नागपूरकडच्या बाई बसत. त्यांना आपली खोली सापडत नसे, मुलगा येऊन गेलेला आठवत नसे. पहिल्या दिवशी "खिरापत ओळखा!" म्हणताच त्या ताडकन म्हणाल्या, "वाटली डाळ!" निघाला उपमा. दुसऱ्या दिवशीही, सगळ्यांच्या आधी, "वाटली डाळ!" निघाला शिरा. बायका हसल्या. त्यांचा चेहरा मात्र इतका उतरला की माझ्याने पाहवेना. कुठल्यातरी अंगणात, कधीतरी, ते उत्तर बरोबर आले असणार.

त्या रात्री साताऱ्याच्या बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन यादी बदलली. हरभऱ्याची डाळ भिजत घातली, सकाळी भरड वाटून घेतली, हिंग-मोहरीच्या फोडणीवर मंद आचेवर परतली, वर लिंबू पिळले. मला काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी झाकलेले पातेले मांडीवर घेऊन त्या बसल्या आणि थेट नागपूरच्या बाईंकडे पाहून म्हणाल्या, "हं, ओळखा."

नागपूरच्या बाईंनी बराच विचार केला. सगळे रिंगण गप्प.

"करंजी," त्या म्हणाल्या.

क्षणभर कोणाला काय करावे सुचेना. मग चिपळूणच्या बाईंना हसू फुटले आणि सगळ्याच हसू लागल्या. साताऱ्याच्या बाई तर पदर तोंडाला लावून, पातेले सांडेल इतक्या हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. वाट्या भरल्या. नागपूरच्या बाईंनी एक घास तोंडात घातला, चावला, आणि शांतपणे म्हणाल्या, "बघा. मी रोज सांगत होते."

यंदाचा भोंडला त्यांच्यावाचून झाला. श्रावणात त्या गेल्या. तिन्ही दिवस वाटली डाळ करावी असे कोणी सुचवले, समितीकडे गेले, दोन बैठका झाल्या. शेवटी एकच दिवस केली. हरभऱ्याच्या डाळीने पोट धरते.

आता दिवाळीच्या फराळाची यादी साताऱ्याच्या बाईंनीच केली आहे. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला ती टांगलेली आहे, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून. परवा मी ती उलटायला गेले, तर मागून आवाज आला, "ए, तू दर गुरुवारी येणारी. हात काढ."