उसना बिट

कांजूरमार्गच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. दिव्याला दोन बटणे आहेत, एक मीटरपाशी व एक दाराशी. दोन्ही चालू असली तरच दिवा लागतो. दिवा विझलेला दिसला, तर कोणते बटण बंद आहे? पहिले, दुसरे, की दोन्ही? नुसत्या दिव्याकडे पाहून सांगता येत नाही.

संगणकातले 'आणि' हे द्वार असेच असते. दोन बिट आत जातात, एकच बाहेर येतो. उरलेली माहिती पुसली जाते. माहिती पुसली की थोडी तरी उष्णता बाहेर पडतेच, हे रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले. क्वांटम संगणकाला तर असे पुसणे मुळीच चालत नाही. त्याची प्रत्येक पायरी उलट फिरवता आली पाहिजे.

मग 'आणि' करायचे कसे? टोमासो टोफोली यांनी १९८० मध्ये मांडलेल्या द्वारात दोन्ही बिट जसेच्या तसे राहतात. सोबत एक तिसरा, शून्यावर ठेवलेला बिट असतो. पहिले दोन्ही १ असतील, तरच तो उलटतो. हेच द्वार पुन्हा लावले, की तो पूर्ववत होतो!

आता बटणे तीन आहेत असे समजा: अ, ब आणि क. अ व ब यांचे उत्तर म या मदतनीस बिटात ठेवा. म व क यांचे उत्तर दुसऱ्या कोऱ्या बिटात, उ मध्ये, घ्या. झाले? नाही. म मध्ये खरकटे राहिले आहे. शेजारच्या काकूंचे पातेले आपण असे परत देतो का? अ, ब, म यांवर पहिले द्वार पुन्हा लावा. म शून्य होईल.

क्वांटम गणनात अनेक वाटा एकाच वेळी चालू असतात आणि त्यांच्या लहरी परस्परांत मिसळून चुकीची उत्तरे खोडतात. मदतनीसात वाटेची खूण उरली, तर हे खोडणे बिघडते. शिवाय क्यूबिट मोजकेच असतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०२४ मध्ये ज्या क्वांटम प्रक्रियकाची चाचणी झाली, त्यात सहाच होते. त्यांतला एक खरकटा अडकून पडला, तर उरले पाच!

कागद-पेन्सिल घ्या. अ, ब, क यांच्या आठही जोडण्या लिहून वरील तीन पायऱ्या करा. म च्या रकान्यात शेवटी आठही शून्ये आली का?