‘ओपन’ आणि ‘ओपन्ड’ : व्याकरणाचा एक धडा

‘द लायब्ररी इज ओपन्ड ऑन संडे.’ असे वाक्य आम्हांस मुलांच्या वहीत हमखास सापडते. मुलास म्हणावयाचे असते, ग्रंथालय रविवारी उघडे असते. तेथे ‘ओपन’ हवे. ‘इज’ किंवा ‘वॉज’ यांच्यापुढील शब्द क्रियापदाचा भाग की विशेषण, हे न उमगल्याने ही चूक होते.

मराठीत हा भेद आपण सहज पाळतो. ‘दार उघडे होते’ यात दाराची स्थिती कळते. ‘दार उघडले गेले’ यात कोणाची तरी कृती. पहिले विशेषण, दुसरे क्रियापद. इंग्रजीत ‘ओपन’ आणि ‘ओपन्ड’ निदान निराळे दिसतात. ‘क्लोज्ड’ मात्र दोन्हीकडे सारखेच. ‘द गेट वॉज क्लोज्ड’ या वाक्यास आम्ही दोन कसोट्या लावावयास शिकवितो. पुढे ‘बाय द वॉचमन’ असा कर्ता जोडून तोच अर्थ राहिला, तर ते क्रियापद. ‘वॉज’च्या जागी ‘सीम्ड’, म्हणजे ‘दिसले’, घालून अर्थ जुळला, तर विशेषण.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांच्या ठरावान्वये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ‘द टँक वॉज ओपन्ड’, हे क्रियापद कागदावर पूर्ण झाले. तथापि ‘द टँक वॉज ओपन’ असे कोणास म्हणता येत नव्हते. त्या विशेषणासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. पुढे दावा चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो हक्क सिद्ध झाला.

आपल्या पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेथे क्रियापद आणि विशेषण यांत अंतर राहिले नाही.

म्हणून आम्ही मुलांस सांगतो : एखादी योजना, वसतिगृह वा पाणवठा ‘ओपन्ड’ झाल्याचे वाचाल, तेव्हा तेथे जाऊन विचारा, ‘इज इट ओपन?’ पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न आमच्या शाळेसही विचारीत राहावे.