पाऊस की उघडीप? आयर्लंडमधील काही लोकसमजुती

अटलांटिक महासागरात वसलेल्या आयर्लंडमध्ये पाऊस वर्षातील कोणत्याही महिन्यात येतो. तेथील शेतकऱ्याला चिंता असे ती कोरड्या दिवसांची. कापलेले गवत वाळले नाही तर हिवाळ्यात गुरांना वैरण नाही आणि दलदलीतून काढलेले पीट सुकले नाही तर चुलीला जळण नाही. उद्याची हवा आजच ओळखणे हा त्याच्या जगण्याचा प्रश्न होता.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५० हजार शाळकरी मुलांकडून वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. हवामानाच्या खुणा हा त्यातील एक विषय होता. पाकोळ्या जमिनीलगत उडू लागल्या, धुराड्यातील काजळी खाली पडली, मांजर आगीकडे पाठ करून बसले की पाऊस येणार. दूरचे डोंगर जवळ भासले तरीही तेच. या गोष्टी सरसकट भाबड्या ठरवू नयेत. समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा डोंगर स्पष्ट दाखविते आणि पुष्कळदा सरीही तीच घेऊन येते. मांजराविषयी मात्र आम्ही साशंक आहोत!

काही समजुती सणांशी निगडित आहेत. आपल्या सणापासून, म्हणजे १ फेब्रुवारीपासून, दर दुसरा दिवस चांगला जाईल, असे वचन संत ब्रिजिडने दिल्याचे लोक मानतात. मार्च महिना आपले काहीच बिघडवू शकला नाही, अशी फुशारकी एका म्हाताऱ्या करड्या गाईने मारली. तेव्हा मार्चने एप्रिलकडून काही दिवस उसने घेऊन तिला गारठवून मारले, अशीही एक कथा आहे. वैरण संपत आलेली असताना परतणाऱ्या थंडीची भीती तिच्यात साठली आहे. १७५२ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारताना ११ दिवस गाळण्यात आले. त्यामुळे सणांच्या तारखा ऋतूच्या मानाने मागे सरकल्या. समजुती मात्र तारखांनाच बिलगून राहिल्या.

सर्वात विलक्षण रीत लग्नघरची. लग्नाच्या आदल्या रात्री प्रागच्या बाळ येशूची मूर्ती अंगणात किंवा कुंपणाच्या झुडपाखाली ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऊन पडते. नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना ही मुकुटधारी मूर्ती परिचित आहे. तिचे मस्तक अपघाताने तुटलेले असेल तर गुण हमखास येतो, असेही काही जण सांगतात! यात प्रार्थना किती आणि तोडगा किती, हे ठरविणे अवघड आहे. हवामान खात्याचा अंदाज हाताशी असूनही आज अनेक आयरिश माता लग्नाच्या आदल्या रात्री ती मूर्ती बाहेर नेऊन ठेवतात.