पिंप भरेपर्यंत

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं पहाटे पावणेपाचला. आधी नळ खोकतो, मग दोन-चारदा थुंकतो, मग बारीक धार लागते. २०० लिटरचं निळं पिंप भरायला ४० मिनिटं जातात. तेवढा वेळ मी पिंपाशेजारी पाटावर डोळे मिटून बसतो. पिंप भरत आलं की पाण्याचा आवाज हळूहळू वरच्या पट्टीत जातो, त्यामुळे डोळे उघडून बघावं लागत नाही. माझी आध्यात्मिक साधना म्हणायची तर एवढीच, आणि ती गेली अकरा वर्षं टिकली आहे. त्याआधीचे माझे सगळे संकल्प तीन आठवड्यांच्या पुढे गेले नव्हते.

मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात हिशेब लिहितो. भाईंदर पूर्वेला असे गाळे गल्लोगल्ली आहेत. दिवसभर पत्र्याचा ठोका आणि बफिंगची घरघर. वडील लालबागच्या गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर काही वर्षं ओढाताण केली आणि शेवटी चाळीतली खोली विकून आम्ही १९९१ साली इकडे आलो. तेव्हा इथे नगरपालिका होती. महापालिका २००२ साली झाली. २०११च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांत शांत कोपरा शोधणं म्हणजे आठ-सत्तावीसच्या लोकलला खिडकी शोधणं.

‘अध्यात्माला वेळ कसा काढायचा’ असं लोक विचारतात. हिशेबनीस म्हणून मला त्या ‘काढायचा’ची भीती वाटते. शिलकीतून काढलेली रक्कम पहिल्या अडचणीला परत जाते. महिन्याच्या शेवटी उरेल ते बचतीत टाकणाऱ्या माणसाच्या पासबुकात काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. माझंच होतं ते.

सुरुवात झाली गोराईच्या विपश्यना पॅगोड्यापासून. भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, उत्तन करत रस्त्याने तिथे जाता येतं. मुलीला घेऊन एका रविवारी असाच फिरायला गेलो. २००९ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं होतं. आत एकही खांब नसलेला दगडी घुमट आहे आणि त्याखाली आठ हजार माणसं एकत्र बसू शकतात. मुलीचा जीव शेजारच्या एस्सेल वर्ल्डमध्ये अडकला होता. मी मात्र प्रदर्शनातल्या एका माणसापाशी थांबलो. त्याचं नाव सयाजी ऊ बा खिन, हुद्दा ब्रह्मदेशाचे महालेखापाल. म्हणजे आमच्याच धंद्यातला, सगळ्यांत वरच्या खुर्चीवरचा.

हा गृहस्थ बायकामुलांचा धनी होता, सरकारी नोकर होता. १९३७ साली तो विपश्यना शिकला आणि तरी फायली सोडून कुठे गेला नाही. देश १९४८ साली स्वतंत्र झाल्यावर महालेखापाल झाला आणि कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवू लागला. १९५५ साली त्याच्याकडे सत्यनारायण गोयंका नावाचा मंडालेचा तरुण व्यापारी आला. त्याची अर्धशिशी इतकी जबर होती की मॉर्फिन घ्यावं लागे. डोकेदुखीचं औषध म्हणून आला असशील तर परत जा, असं ऊ बा खिननी त्याला सांगितलं. मन साफ करायचं असेल तर ये, दुखणं वाटेत गेलं तर गेलं. हेच गोयंका १९६९ साली भारतात आले, त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. २०१३ साली ते मुंबईतच वारले.

मी इगतपुरीला दहा दिवस बसून आलो. पहाटे चारला घंटा. बोलायचं नाही, फोन नाही, वही-पेनही नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगभर उठणाऱ्या संवेदना. कशाला हाकलायचं नाही, कशाला धरून ठेवायचं नाही. शिबिराला फी नसते. शिबिर पुरं केलेल्यांनी दिलेल्या दानावर सगळं चालतं. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा त्यासाठी गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र उत्साहाच्या भरात जाऊ नये. अर्जातही ते विचारतात. तिथे खरं लिहावं आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

घरी परतताना सांगितलेलं असतं: रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. मी पहिल्याच सकाळी साडेसहाला दिवाणखान्यात बसलो. आमचा दिवाणखाना म्हणजे झोपायची, जेवायची आणि मुलीच्या अभ्यासाची खोली. पंधराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. तिसऱ्या शिट्टीला मी स्वयंपाकघराच्या दिशेने असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. बायकोने शांतपणे गॅस बारीक केला.

“अहो, दहा दिवस गप्प बसून आलात ते अकराव्या दिवशी कुकरवर ओरडायला?”

ध्यानधारणेवर मी बरंच वाचलं आहे, पण याहून नेमकी टीका मला आढळली नाही. तीन आठवड्यांत माझी बैठक बंद पडली.

गाळ्याचे शेठ जैन आहेत. रोज सकाळी कामगार येण्याआधी ते ऑफिसात लोकरीचं कटासणं अंथरतात, हातात मुहपत्ती घेतात, समोर घड्याळ ठेवतात आणि सामायिक करतात. बरोबर ४८ मिनिटं, म्हणजे एक मुहूर्त. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे नववं. तेवढा वेळ माणूस व्यापारी नसतो, बाप नसतो. जवळपास साधूसारखा असतो. हिशेब मी लगेच केला: दिवसाचे १४४० भागिले ४८, म्हणजे तीस मुहूर्त. तिसातला एक. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी शेठ उठत नाहीत. माझी अडचण त्यांना सांगितली, तर म्हणाले, “भाऊ, तुम्ही रोज ठरवता बसायचं की नाही. मी रोज ठरवत नाही, एकदाच ठरवलं.” हे छान होतं, पण शेठना स्वतःचं ऑफिस आहे आणि त्याला कडी आहे. मला दिवाणखाना आहे आणि त्याला कुकर.

उत्तर मिळालं ते सासऱ्यांकडून. मामा राईचे आगरी, उमर मिठागरात गेलेली. आगरी हे नावच आगरावरून, मिठागरावरून आलेलं मानतात. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, वाफ्यात सुकवायचं, पायाने तुडवत मीठ ओढायचं. माळकरी माणूस. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग त्यांनी कधी चुकवले नाहीत. मी विचारलं, “मामा, किती वाजता म्हणायचात?” ते हसले.

“भरती काय घड्याल बघून येते?”

भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मिठागरात राबणाऱ्याला सहा म्हणजे सहा असं काही ठरवताच येत नाही. मामांचा नियम वेळेचा नव्हताच. आगरातून आलं, रांजणातल्या पाण्याने पायाचं मीठ धुतलं की हरिपाठ. मग ती सकाळ असो की दुपार. पाय तर धुवावेच लागतात, नाहीतर भेगा झोंबतात. हरिपाठ त्या धुण्याला बांधलेला.

त्या रात्री मी घरात शोधू लागलो की मला रोज न चुकता काय करावंच लागतं. पाणी भरावं लागतं. त्या वेळी कुकर नसतो, फोन नसतो, शेठ नसतात. इतकी वर्षं ज्या वेळेला शिव्या देत होतो तीच वेळ मोकळी होती.

आपल्या संतांचा पत्ता बघा, तो बहुतेक कामाचाच पत्ता आहे. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, म्हणून आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. तेरचे गोरोबा चिखल तुडवत होते, जनाबाई दळत होती. आणि फार लांब कशाला, गिरगावात खेतवाडीच्या गल्लीत विड्यांचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज होते. मूळचे मारुती कांबळी. गुरू सिद्धरामेश्वर गेल्यावर १९३७ साली घर सोडून हिमालयाच्या वाटेला लागले आणि वर्षभरात परत येऊन पुन्हा विड्या विकू लागले. त्यांच्या पोटमाळ्यावरच्या संभाषणांचं ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभरची माणसं तो लाकडी जिना चढू लागली.

लोकलमधल्या भजनी मंडळांबद्दल मात्र माझं मत जरा तिरकं आहे. विरारकडून येणाऱ्या गाड्यांत टाळ-झांजांवर उत्तम भजनं होतात, त्यांत घसा आणि ताल दोन्ही पक्के. प्रवासाच्या तासाला नाम बांधणारी ही माणसं मामांच्याच पंथाची. पण रात्रपाळी करून आलेला एखादा डोकं टेकून झोपला असेल, तर त्याच्या कानाशी झांज वाजवणं याला मी जागृती म्हणत नाही. माझी मुलगी आता त्याच गाडीने चर्चगेटला जाते. ती दहिसरपासून अंधेरीपर्यंत डोळे मिटून श्वास बघते. चौथ्या सीटवर तिरकं टेकून. मी शिकवलेलं नाही. तिने कधी पाहिलं असेल, पिंपाशेजारी.

अकरा वर्षांत काय झालं? प्रकाश वगैरे काही दिसला नाही. दोन तासांचा नेम ४० मिनिटांवर आला; गोयंका गुरुजींच्या हिशेबात हा चक्क तुटवडा आहे. पण मार्चअखेरीला ताळेबंद जुळत नसताना, एखादा पुरवठादार फोनवर वाकडं बोलत असताना, कानशिलं तापू लागलेली मला कळतात. पूर्वी ओरडून झाल्यावर कळायचं, आता ओरडण्याच्या थोडं आधी. दर वेळी नाही, दहातल्या चारेकदा. या थोड्याशा फटीत मी गप्प बसू शकतो किंवा मुद्दाम ओरडू शकतो. बायको म्हणते, चारेकदा हे जरा जास्तच लावलंत.

तुमच्याकडे पाणी चोवीस तास असेल तर दुसरं काही शोधा: दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहणं, रिक्षाची रांग, देवापुढची वात लावणं. कुठल्या पंथाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. नाम घ्या, सामायिक करा, श्वास बघा. शिकून घ्यायचं असेल तर पॅगोड्यात जा. शिबिर न केलेल्या पाहुण्यांनाही तिथे थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वास बघायला, शिकवतात.

सोसायटीच्या फळ्यावर आज खडूने लिहिलंय की शुक्रवारी शटडाऊन आहे, पाणी येणार नाही. त्या दिवशीचं मी अजून काही ठरवलेलं नाही.