घरातील वीज आणि रांगते मूल

बालरोगतज्ज्ञाने विजेच्या जोडण्यांविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु भिंतीच्या तळाशी असलेले प्लगपॉइंट, लोंबती वायर आणि कूलरची पत्र्याची पेटी या तिन्ही गोष्टी रांगत्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात असतात. लसीकरणाला येणाऱ्या पालकांना मी याविषयी विचारतो, तेव्हा बहुधा एकच उत्तर मिळते : "डॉक्टर, आमच्याकडे एमसीबी आहे." या उत्तरातील गैरसमज दूर करणे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

एमसीबी ही प्रामुख्याने वायरचे रक्षण करते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून बराच अधिक प्रवाह वाहू लागला, तरच बंद पडते. ओल्या त्वचेमुळे शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा आहे. एमसीबीच्या लेखी मात्र तो साठ वॅटच्या एका बल्बाइतकाच!

माणसाच्या रक्षणासाठी असते ती आरसीसीबी. घरात येणारा व परत जाणारा प्रवाह ती सतत ताडून पाहते. शरीरावाटे जमिनीत काही प्रवाह निसटला आणि फरक ३० मिलिअँपिअर झाला, की ती सेकंदाच्या तीन-दशांश भागाच्या आत वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. तिच्यावरील 'टी' हे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज तुटली नाही, तर वायरमनला बोलवावे.

माळव्याच्या उन्हाळ्यात तिची खरी गरज कूलरपाशी भासते. पाणी, पत्रा, पंप आणि ओल्या फरशीवरचे अनवाणी पाय, असा योग अन्यत्र क्वचितच जुळतो. कूलर तीन पिनांच्या प्लगनेच जोडावा आणि पाणी भरताना प्लग काढूनच ठेवावा. तिसरी, लांब पिन अर्थिंगची. ती प्रथम जोडली जावी व शेवटी सुटावी, म्हणून लांब असते. अनेक जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, परंतु त्यामागे अर्थिंगची वायरच नसते. वायरमनकडून याची खात्री करून घ्यावी.

आरसीसीबीलाही मर्यादा आहे. मुलाने वायर चावली आणि ओठांमध्ये दोन्ही तारा आल्या, तर प्रवाह एका तारेतून दुसरीत जातो. जमिनीत काहीच न गेल्याने यंत्राला फरक जाणवत नाही. ओठाच्या कोपऱ्यावरचा असा भाजलेला डाग लहान दिसतो, फारसा दुखतही नाही. परंतु पाच ते चौदा दिवसांनी खपली निघताना ओठाच्या धमनीतून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढे रक्त आलेच, तर ओठ आतून-बाहेरून चिमटीत घट्ट धरून रुग्णालय गाठावे. चार्जर सॉकेटला लोंबता ठेवू नये. सोललेली वायर चिकटपट्टी न गुंडाळता बदलावी. वापरात नसलेल्या सॉकेटवर झाकण लावावे.

शॉक लागलेल्या मुलास ओढण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असेल, तर तोही बंद करावा. मेन बंद झाला तरी त्याच्या जोडणीत वीज राहते. ते तत्काळ शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने मुलास दूर करावे. श्वास थांबला असल्यास लगेच छातीवर दाब व तोंडाने श्वास देणे सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करावा.

आपल्या सभासद बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. आपल्या प्रतीक्षाकक्षातही मुले तासन्‌तास फरशीवर खेळतात. घरापाठोपाठ दवाखान्यातील ते 'टी' बटणही या आठवड्यात एकदा दाबून पाहावे.