भूमीतील ठेवा आणि आपले कर्तव्य

आमच्या बोरीच्या आसपासची जमीन काळीभोर व कसदार आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या काळीच्या पोटात पिकाखेरीज आणखीही काही दडलेले असते, याचा विचार थोडेच लोक करतात. नांगराच्या फाळाला एखादे वेळी जुने नाणे लागते. विहीर खणताना भाजक्या विटा निघतात. पावसाळ्यात ओढ्याची दरड कोसळली म्हणजे खापरे, मणी, शंखाच्या बांगडीचे तुकडे उघडे पडतात. अलीकडे भूमीतील धातू शोधून काढणारी यंत्रेही बाजारात सहज मिळू लागली असून, ती घेऊन जुन्या जागा धुंडाळण्याची हौस तरुणांत वाढत आहे. ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जिज्ञासा हे तर विद्येचे मूळ. परंतु जिज्ञासा कोठे संपते आणि लोभ कोठे सुरू होतो, व त्या दोहोंच्या सीमेवर कायदा कसा उभा असतो, हे विद्यार्थ्यांस व पालकांस स्पष्टपणे समजावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानितात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, जेथे मातीच्या भिंती उठल्या व पडल्या, चुलींची राख साचली, तेथील माती पांढुरकी बनते. म्हणूनच ओसाड पडलेल्या गावठाणाची टेकाडे दुरूनही ओळखू येतात. धाब्याच्या घरांवर घालण्यास किंवा शेतात खत म्हणून टाकण्यास ही माती लोक गाड्या भरून नेत आले आहेत. पण पांढरीचे टेकाड हे निव्वळ मातीचा ढीग नव्हे. तो एक ग्रंथ आहे. सर्वांत खालचा थर हे त्याचे पहिले पान, व सर्वांत वरचा थर हे शेवटचे. जो मनुष्य मध्येच खड्डा खणून एक नाणे उपसतो, तो ग्रंथ वाचीत नाही; त्यातील पाने फाडून एक अक्षर खिशात घालतो.

या फाडाफाडीस आमच्या मराठवाड्यात एक जुनी समजूत कारण झाली आहे. ती म्हणजे गुप्तधनाची. हेमाडपंती देवळात नंदीखाली, पिंडीखाली, बारवेच्या कोनाड्यात किंवा एखाद्या समाधीखाली मोहरांचे हंडे पुरलेले असतात, व पायाळू मनुष्यास ते दिसतात, असे अद्यापि कित्येक लोक मानतात. परिणाम असा होतो, की आठशे वर्षे ऊनपाऊस सोसून उभ्या असलेल्या मूर्ती एका रात्रीत पहारीने उखडल्या जातात, आणि खड्ड्यात बहुधा मुरुमाखेरीज काही निघत नाही. याहून भयंकर म्हणजे या वेडापायी लेकरांच्या जिवावरही बेतते. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात धनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये स्पष्टपणे गुन्हा ठरविली आहेत. जे मूल पायाने जन्मास आले, त्याच्या डोळ्यांत इतर मुलांहून वेगळे काहीच नसते. पालकांनी आपले मूल अशा कामी कोणाच्याही हाती देऊ नये; व तशी कुणकुण लागताच पोलिसांस वर्दी द्यावी.

पायाळूची जागा आता यंत्राने घेतली आहे, म्हणून ते यंत्र चालते कसे हेही पाहू. यंत्राच्या तळाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट दिशेने वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. ते क्षेत्र भूमीतील धातूपर्यंत पोहोचले, की त्या धातूतही लहान लहान प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात व आपले स्वतंत्र क्षेत्र निर्माण करतात. हा प्रतिसाद यंत्रास कळतो व आवाज होतो. दूरध्वनीचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र वापरून पाहिले होते. त्यात त्यास यश आले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हाती धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले, व १९४२ साली एल् अलामीनच्या रणभूमीवर त्याचा उपयोग झाला. जीव वाचविण्यासाठी निघालेली ही विद्या पुढे छंदाच्या कामी आली.

परंतु यंत्राची मर्यादा ध्यानात ठेवावी. नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीत-दीड वीत खोलीपर्यंतच त्यास कळते. सोन्याची मोहर व बैलाच्या पत्रीचा तुकडा यांतला भेद ते खात्रीने सांगू शकत नाही. आमच्याकडील जमीन काळ्या पाषाणापासून झालेली व लोहयुक्त असल्याने पुष्कळदा ते फुकटच ओरडते. आणि मुख्य गोष्ट ही, की खापर, हाड, जळके धान्य, मातीची भिंत यांविषयी ते अगदी मुके असते. इतिहासास तर याच वस्तू अधिक बोलक्या वाटतात.

एखाद्या निधीची किंमत त्याच्या वजनात नसून तो अखंड राहण्यात असते, याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यात घडले. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील सुमारे १३,२५० नाणी अभ्यासकांच्या हाती आली, व रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांची बारकाईने तपासणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला. नाणी होती क्षहरात राजा नहपान याची; परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात, आपल्या पुत्राने क्षहरातांचा निःपात केला असे म्हटले आहे. मातेने पुत्राची केलेली स्तुती म्हणून कोणी ती बाजूस सारू शकला असता. पण या हजारो नाण्यांनी साक्ष दिली, की जिंकलेल्या राजाच्या चलनावर विजेत्याने खरोखरच आपली मुद्रा ठोकली होती. हीच चांदी वाटून घेऊन मुशीत घातली असती, तर काही कुटुंबांस चार तोडे झाले असते, व महाराष्ट्र एका पुराव्यास कायमचा मुकला असता.

दुसरे उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे. हे स्थळ अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, आहे. १९७४ साली तेथील एका भिल्ल ग्रामस्थास झुडपाचे मूळ खणीत असता चार अद्भुत वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव धातूच्या. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. त्या वितळविल्या गेल्या नाहीत, हे देशाचे भाग्य. तथापि त्या शास्त्रोक्त उत्खननात, थराथराने माती उकलताना मिळालेल्या नव्हत्या. म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळच्या, याविषयी विद्वानांत वाद उत्पन्न झाला. कित्येक त्यांस उत्तर हडप्पा काळातील मानतात; कित्येक त्यांच्या धातूच्या मिश्रणावरून शंका घेतात. वस्तू हाती आहे, पण तिचे शेजारी हरवले आहेत. ज्याने प्रामाणिकपणे खणले त्याच्याही बाबतीत हे घडते, तर मग रात्री कंदील घेऊन खणणाऱ्याविषयी काय सांगावे!

आता कायद्याकडे वळू. निखात निधीचा कायदा १८७८ साली झाला. त्या काळी परभणी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असल्याने तेथील व्यवस्था निराळी होती. तरी या कायद्याची दृष्टी सर्वांनीच समजून घेण्याजोगी आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, असा त्यात दंडक आहे. चौकशीअंती निधी बेवारस ठरला, व सापडणारा आणि जागेचा मालक यांच्यात आधीचा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश मालकास मिळतो. सरकारला तो हवा असल्यास धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. पण जो वर्दी देत नाही, तो आपला वाटा गमावतो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो. म्हणजे कायदा गरिबाच्या तोंडचा घास काढून घेतो, ही समजूत निराधार आहे; तो केवळ लपवाछपवीस शिक्षा करितो.

संरक्षित स्थळांची गोष्ट याहून कडक आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून कोणीही, प्रत्यक्ष जमिनीचा मालकसुद्धा, खोदकाम करू शकत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित मानले जाते. आणि स्मारकाची नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. राज्याने संरक्षिलेल्या स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. यांशिवाय १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा परवान्यावाचून व्यापार करण्यास मना करतो, व खाजगी मनुष्यास त्या परदेशी पाठवू देत नाही.

इंग्लंडात शेतमालकाच्या संमतीने यंत्र फिरविण्यास मोकळीक आहे. पण तेथेही निधी सापडल्यावर वर्दी द्यावीच लागते. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका छंदिष्टास अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला. त्याने तो जाहीर केला, आणि बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम त्यास व शेतमालकास मिळून देण्यात आली. उलट २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये ज्यांस नाण्यांचा निधी सापडला, त्यांनी तो लपवून विकला. २०१९ साली त्यांस दीर्घ कारावास झाला, व सुमारे तीनशे नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली. दोन्हीकडे यंत्र तेच होते. फरक पडला तो मनुष्यांत.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढील गोष्टी ध्यानी धरा. परवानगीवाचून कोणाच्या शेतात, गायरानात किंवा जंगलात शोध करू नका. देऊळ, मशीद, लेणे, गढी, बारव, समाधी व पांढरीचे टेकाड यांस हातही लावू नका. चारठाण्याची प्राचीन मंदिरे किंवा जिंतूरजवळच्या नेमगिरीची लेणी डोळे भरून पाहावी, वहीत त्यांची चित्रे काढावी; तेथील ठिकरीही घरी आणू नये. शेतात काम करीत असता अवचित काही सापडले, तर तेथेच थांबा. अधिक खणू नका. वस्तू चिंचेने किंवा राखेने घासू नका, कारण त्या गंजाच्या थरातही माहिती असते. गट नंबर, खोली व तारीख लिहून ठेवा, छायाचित्र घ्या, आणि वडील माणसांसह तलाठ्याकडे व तहसीलदाराकडे लेखी वर्दी देऊन पोच मागा. सोनाराच्या तराजूत ती वस्तू जाऊ देऊ नका; तो तराजू वजन सांगतो, मोल सांगत नाही.

संग्रहाची हौस सत्कारणी कशी लागते, हे पाहावयाचे असल्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे जावे. रोमन व्यापाराच्या काळी तगर नावाने गाजलेले हे नगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू मोठ्या आस्थेने जमविल्या, व त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या वस्तू गावातच राहिल्या, आणि कोणाही शाळकरी मुलास त्या पाहता येतात.

शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. शेतात लपविलेली ठेव एका मनुष्यास सापडली, तेव्हा त्याने आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतले. त्या दृष्टांताचा खरा अर्थ स्वर्गीय धनाविषयी आहे. तथापि ठेव उचलून पळ न काढता त्याने आधी पूर्ण मोल भरले, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. भूमीतील ठेवा पूर्वजांनी आपल्या हवाली केला आहे. पुढील पिढीने हिशेब मागितला, तर तो आपणांस निर्मळ मनाने देता यावा, एवढीच आमची इच्छा आहे.